माघातलं तोरणमाळ, हरणीबरोबर

खानदेशात बर्फ पडत नाही. पण पौष-माघाच्या पहाटे सातपुड्याच्या माथ्यावर दव गोठतं, गवत पांढरं होतं, आणि डाब, वालंबा, मोलगी, तोरणमाळ ही नावं आमच्याकडच्या पेपरात येऊ लागतात. ते गोठलेलं दव पायी चढून जाऊन बघायचं आणि हरणीलाही न्यायचं, असं यंदा ठरवलं. हरणी म्हणजे माझी कुत्री. गावठीच. धुळ्याला देवपुरात आमच्या गल्लीत जन्मली, तिथेच वाढली, आता चार वर्षांची आहे. वजन अठरा किलो, रंग नावाप्रमाणे, पोटाखालचे केस अगदी विरळ. त्या विरळ केसांचं मुद्दाम सांगते आहे, कारण वर थंडीत तिचं कसं होणार ते त्यांच्यावरच ठरणार होतं.

दिवस धरला वसंत पंचमीच्या आठवड्यातला. माघ शुद्ध पंचमीला पंचांगात वसंताची चाहूल लागते, डोंगरावरच्या रात्री मात्र तेव्हाही हिवाळ्याच्याच असतात. पुढे साडेतीन आठवड्यांत महाशिवरात्र येते. मग तोरणमाळला गोरक्षनाथाची यात्रा भरते, महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि गुजरात अशा तिन्हीकडून माणसं पायी डोंगर चढतात, आणि त्या गर्दीत कुत्र्याला नेणं म्हणजे त्याचे हाल. त्यानंतर फाल्गुन लागला की तापीकाठचं ऊन अंगावर यायला लागतं. थंडी आहे पण गर्दी नाही, अशी फट माघाच्या सुरुवातीलाच सापडते.

माझा चुलतभाऊ सैन्यात आहे, काही वर्षं हिमाचलात होता. जायच्या आधी त्याला फोन लावला. त्याने खऱ्या बर्फातलं सांगितलं. तिथे कुत्र्याच्या बोटांमधल्या केसांत बर्फ अडकतो, त्याच्या कडक गुठळ्या होतात आणि कुत्रं लंगडायला लागतं. म्हणून ते केस बारीक कातरतात, पंजांना मेण नाहीतर व्हॅसलीन चोळतात. बर्फावरून परतणारं ऊन डोळ्यांना लागतं. तहानेपोटी कुत्रं बर्फ खात सुटतं आणि पोट बिघडवून घेतं. हे सगळं सांगून झाल्यावर म्हणाला, “तुझ्याकडे ताई, यातलं काहीच नाही. तुझ्याकडे सकाळी हिवाळा आणि दुपारी उन्हाळा. कुत्र्याला तेच जास्त जड जातं.”

त्याचं हे बोलणं मला पुढे पावलोपावली आठवत राहिलं. माघात सातपुड्याच्या माथ्यावर पहाटे पारा चार-पाच अंशांवर असतो आणि पायथ्याला दुपारी तीसच्या आसपास जातो. माणूस स्वेटर काढून कमरेला बांधतो, घाम येतो, वारा लागला की गार वाटतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जो काही येतो तो पंज्यांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला जीभ बाहेर काढून, धापा टाकून बाहेर घालवावी लागते. निरोगी कुत्र्याचं अंग मुळातच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, आणि चढावर ते भराभर वाढतं. आपल्याला आल्हाददायक वाटणाऱ्या हवेतही चढणाऱ्या कुत्र्याला ऊन बाधू शकतं. आणि ते तोंडाने सांगत नाही. मालक थांबेपर्यंत चालत राहतं, कारण त्याला मागे राहायचं नसतं. म्हणून त्याचं अंग वाचायला शिकावं लागतं, आणि ते शिक्षण घरूनच सुरू करावं लागतं.

आमचं ते लळिंगला झालं. लळिंगचा किल्ला धुळ्याहून जवळ, मुंबई-आग्रा रस्त्याला लागूनच. सुटीच्या दिवशी पहाटे हरणीला घेऊन किल्ल्यावर चढायचं आणि ऊन वर यायच्या आत उतरायचं, असं दिवाळीनंतर सुरू केलं होतं. गल्लीतलं कुत्रं मातीवर आणि डांबरावर चालतं. काळ्या दगडाच्या धारेवर चालायला त्याचे तळवे निबर व्हावे लागतात, आणि ते हळूहळूच होतात. लळिंगला मी तिची जीभ बघायला शिकले. साधी धाप असली की जीभ अरुंद असते, लोंबते. अंग तापायला लागलं की ती टोकाशी रुंद होते, पसरते, कडा वर वळतात. ती तशी दिसली की बसायचं, पुढे जायचं नाही. शेपटी खाली आली, रस्ता सोडून झुडपाच्या सावलीत शिरायला लागली, हाक मारल्यावर कान हलले पण मान वळली नाही, या सगळ्या खुणा मी तिथे पाठ केल्या. हिरड्या बघायची सवयही तिथलीच. बोटाने दाबून सोडलं की पांढरी पडलेली हिरडी लगेच गुलाबी झाली पाहिजे. उशीर लागला तर पाणी कमी पडलं आहे.

डॉक्टरांकडे जाऊन रेबीजची लस वेळेत आहे ना ते तपासून घेतलं. लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचीही घेतली, कारण डोंगरातल्या डबक्याला कुत्रं तोंड लावणारच. गोचिडांसाठी मानेवर सोडायचं औषध आधीच लावून ठेवलं. डॉक्टर म्हणाले, “भरपेट खाऊ घालून चढवू नका, थोडं थोडं द्या.” खोल छातीच्या कुत्र्यांच्या पोटाला त्याने पीळ पडू शकतो, जिवावर बेततं. म्हणून तिच्यासाठी ज्वारीच्या भाकरीचे तुकडे, उकडलेली अंडी आणि थोडे भाजलेले शेंगदाणे बिनमिठाचे, असं वेगळं बांधलं. आमच्या डब्यात कळण्याची भाकर, ठेचा आणि भरीत. भरिताकडे ती डोळे लावून बसते, पण त्यात कांद्याची पात आणि लसूण असतो, आणि या दोन्हींनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एक घासही द्यायचा नाही, हे बरोबर येणाऱ्या भावालाही बजावून ठेवलं. पाणी मात्र भरपूर घेतलं. बसून राहणाऱ्या कुत्र्याला दर किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिली लागतं, म्हणजे हरणीला साधारण लिटरभर. चढावर त्याच्या दुप्पट धरलं.

राहायची सोय जमवताना जीव मेटाकुटीला आला. फोन लावला तिथे आधी “हो, या” आणि कुत्र्याचं नाव काढताच “नाही, कुत्रं चालणार नाही.” तिला बाहेर बांधा म्हणाले. बिबट्याच्या मुलखात कुत्रं रात्री बाहेर बांधून मी आत गादीवर झोपू? शेवटी माझी कॉलेजातली मैत्रीण, जी शहाद्याला शिक्षिका आहे, तिने तिच्या एका विद्यार्थिनीच्या घरी विचारलं. घर तोरणमाळच्या पठारावर एका पाड्यात, पावरा आदिवासी कुटुंबाचं. तिकडून निरोप आला की कुत्री आमच्या बकऱ्यांना काही करणार नसेल तर खुशाल आणा.

जाताना भाऊ, मी आणि हरणी पिकअपमधून निघालो. दोंडाईचा सोडलं, सारंगखेड्याच्या पुलावर तापी ओलांडली. दत्तजयंतीला घोड्यांनी गजबजलेला तो सगळा परिसर आता मोकळा पडला होता. पुढे शहाद्यापर्यंत दोन्हीकडे ऊस, केळी आणि पपईच्या बागा. रात्र मैत्रिणीकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत म्हसावदच्या रस्त्याला लागलो. मागे ऊस, पुढे सातपुड्याची काळी रांग. मैत्रीण बरोबर होती. ठरलं असं की आम्ही दोघी हरणीला घेऊन पायी चढणार, आणि भाऊ सामान घेऊन गाडीने वर येणार. गाडी पाठीशी असणं मी मुद्दाम ठेवलं होतं. अठरा किलोचं जखमी कुत्रं उचलून घाट उतरणं दोन बायकांना जमलं असतं, पण किती वेळ?

पायथ्याशी एका टपरीवर चहा घेतला. टपरीवाल्या आजींनी हरणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कुत्रीला घेऊन कुठे चाललीस ते अहिराणीत विचारलं.

“कुत्रीले लई कथा चालनी वं माय?”

“तोरणमाळले.”

“वर भू हीव शे. जपीसन जाय.” म्हणजे वर फार थंडी आहे, जपून जा. आणि बरणीतून एक टोस्ट काढून तिच्यापुढे टाकला. हरणीने तो हुंगून माझ्याकडे बघितलं, मी मान हलवल्यावर खाल्ला.

तोरणमाळ साधारण ११५० मीटरवर आहे. घाटाचा गाडीरस्ता वळणावळणाने चढतो. सातपायरी घाट म्हणतात त्याला. पायवाट त्या वळणांना मधूनमधून छेद देत सरळ वर जाते. पायवाटेवर मुरूम, सुटे दगड आणि सागाची वाळलेली पानं. माघात साग पानं टाकत असतो, त्यामुळे प्रत्येक पावलाला असा आवाज होतो की दहा पावलांवर कोण आहे तेही ऐकू येत नाही. हरणीला तो आवाज पहिल्यांदा अजिबात आवडला नाही. दर चार पावलांनी थांबून मागे बघायची. कढईची पांढरट, पानं झडलेली झाडं उतारावर उभी होती, काटेसावर फुलायला लागली होती, पळसाला मखमली काळपट कळ्या धरल्या होत्या, फूल एकही नव्हतं. मोहाला तर अजून वेळ होता. खालच्या एका वावरात हरभऱ्याला घाटे लागलेले दिसत होते.

हरणीला पूर्ण वेळ दोरीवर ठेवलं. गळ्यात पट्टा नाही, छातीला हार्नेस, त्याला लांब सुती दोर. कुत्र्याला मोकळं सोडून डोंगरात हुंदडू द्यावं असं पुष्कळांना वाटतं, आणि ते बघायला छानही दिसतं. पण हे राखीव जंगल आहे, आणि या जंगलात रानपिंगळा राहतो. हे लहानसं घुबड दिवसा शिकार करतं, सरडे-पाली टिपायला झाडावरून जमिनीवर झेप घेतं. १८८४ नंतर ते कुणाला दिसलंच नाही, नामशेष झालं असं धरून चालले होते. १९९७च्या नोव्हेंबरात ते पुन्हा सापडलं, ते शहाद्याजवळच्या याच डोंगरपायथ्याच्या सागाच्या जंगलात. त्याला शोधायला आलेले अमेरिकन पक्षीतज्ज्ञ होते, पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन साथी. माघ हा त्याच्या विणीच्या काळात येतो. अशा ठिकाणी माझं कुत्रं पाचोळा उधळत पळालं तर ती माझी मौज आणि त्याचा संसार, असं होईल. मला ते मान्य नाही. दोरीचा उपयोग लगेच पटलाही. एका वळणावर काळ्या तोंडाची वानरं रस्ता ओलांडत होती, आणि हरणीने एवढी जोरात ओढ घेतली की दोर हातातून सरकून तळहात भाजला. मोकळी असती तर ती त्यांच्यामागे कुठल्या कड्याला गेली असती, सांगता येत नाही.

ऊन चढायला लागल्यावर दर थोड्या चढाला थांबत गेलो. मी आधी तिची जीभ बघायची, मग घड्याळ. एकदा ती थांबली, पण जीभ ठीक होती. पुढचा उजवा पंजा उचलून तीन पायांवर उभी राहिली. मांडीवर घेऊन बोटं फाकवली तर दोन बोटांच्या मधोमध कुसळ शिरलेलं. बाहेर दिसत होती फक्त तपकिरी शेपटी, टोक पार आत.

कुसळाचं मला इथे थोडं सांगायचंच आहे, कारण आपल्याकडच्या माळावर आणि डोंगरात कुत्र्याला बिबट्यापेक्षा याचा त्रास जास्त होतो. कुसळी गवताच्या बीला पुढे सुईसारखं टोक असतं आणि त्यावर मागे वळलेली बारीक लव, म्हणजे एकदा शिरलं की मागे येत नाही. मागची लांब शेपटी पिळलेली असते. दवाने भिजली की तिचा पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो, आणि या फिरण्याने टोक थोडं थोडं आत जात राहतं. बी जमिनीत रुजावं म्हणून निसर्गाने केलेली ती सोय आहे. पण ती जमीन आणि कातडी यात फरक करत नाही. पंज्यात शिरलेलं कुसळ काढलं नाही तर गळू होतं, कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं. मी चिमट्याने शेपटी अगदी कातडीजवळ धरली आणि ज्या दिशेने शिरलं होतं त्याच रेषेत सरळ ओढली. मध्ये तुटलं असतं तर डॉक्टरशिवाय निघालं नसतं. हरणीने एकदा माझं मनगट दातात धरलं, दाबलं नाही, आणि सोडून दिलं. टोक अखंड निघालं. जागा मिठाच्या पाण्याने धुतली. त्यानंतर प्रत्येक थांब्यावर चारही पंजे, काखा आणि कान बघायचे हा नेम केला, आणि दोघींनी आलटून पालटून तो पाळला.

दुपारची ऊन्हं आम्ही एका अंजनाच्या सावलीत काढली. त्याची सावली विरळ, पण वारा होता. पोटावर आणि काखेत ओला पंचा फिरवला की हरणीची धाप लवकर बसते.

पाड्यावर पोचताना दुसरंच संकट. पावरा लोकांची घरं एकाला एक लागून नसतात. ज्याच्या त्याच्या वावरात, लांब लांब. प्रत्येक घराला राखणीची कुत्री, आणि ती त्यांचं काम चोख करतात. पहिल्याच घरावरून तिघं अंगावर आली. आम्ही थांबलो. पळायचं नाही, दगड उचलायचा नाही, दोर आखूड करायचा पण ताणायचा नाही. ताणला की हरणीची मान वर होते, आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. मैत्रिणीने घराकडे हाक दिली. एक पोरगं आलं, त्याने जिभेने कसलासा आवाज काढला, आणि तिघंही गपकन मागे फिरली. पुढच्या प्रत्येक घराआधी आम्ही लांबूनच हाक मारत गेलो. ते पोरगं शेवटपर्यंत आमच्या पुढे चालत आलं, कुणी सांगितलं नव्हतं.

भाऊ आधीच पोचून अंगणात बसला होता. घरातले बाबा सत्तरीचे असतील. त्यांनी हरणीला खालून वरून बघितलं, मान दाबून बघितली, आणि म्हणाले, “चालणारी आहे.” मला त्या दोन शब्दांनी फार बरं वाटलं. मका-ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ जेवलो. घरच्या बाईंनी न मागता मुलीकरवी एक भाकर ताकात कुस्करून हरणीपुढे ठेवली. अंधार पडायच्या आधीच बाबांनी सगळी जनावरं आत घेतली. बकऱ्या, एक गाय, कोंबड्या डालग्याखाली. हरणीलाही आत घ्यायला सांगितलं. “बिबट्या आला की पहिलं कुत्रंच उचलतो. बकरी दुसरी.” त्यांची स्वतःची कुत्री ओट्यावर होती, पण ती तिघं होती आणि तिथलीच होती. हरणी बकऱ्यांपासून हातभर अंतरावर माझ्या पायाशी झोपली. रात्री एकदा तिच्या छातीत गुरगुर झाली, बाहेरची कुत्रीही भुंकली, आणि पुन्हा शांत झालं.

निजायच्या आधी बाबांना गोठणाऱ्या दवाचं विचारलं होतं. ते म्हणाले, “आज पडेल. वारा नाही, ढग नाही. पण इथे नाही पडणार. खालच्या वावरात जा.” मला हे नीट कळलं नाही, तसं त्यांना म्हटलं. तेव्हा त्यांनी हाताने उतार दाखवला. थंडी जड असते, ती पाण्यासारखी उतरून खोलगट जागी साचते. म्हणून खालच्या वावरात हरभरा लावत नाहीत, तो वरच्या अंगाला असतो. खाली गहू आहे. फारच पडणार असं वाटलं तर रात्री वावराच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करतात, किंवा संध्याकाळी पिकाला हलकं पाणी देतात. शाळेत आम्ही हे भूगोलात शिकलो होतो, की निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकते, तिच्यालगतची हवा गार होते, जड होते आणि उतारावरून खाली जाते. पण कुठलं वावर पांढरं होईल ते मला सांगता आलं नसतं.

पहाटे बाबांच्या नातीला घेऊन आम्ही खाली गेलो. ही तीच, मैत्रिणीची विद्यार्थिनी. विजेरीच्या उजेडात आधी काही दिसलं नाही. मग बांध ओलांडला आणि पायाखालचा आवाज बदलला. मऊ ओल्या गवताऐवजी कुरकुर. विजेरी खाली धरली तर प्रत्येक पात्याच्या कडेने मीठ भुरभुरावं तसे पांढरे कण. वाळलेल्या सागाच्या एका पानावर शिरा न् शिरा पांढऱ्या रेघेने काढलेली. मी बरोबर काचेचा थर्मामीटर नेला होता. छातीच्या उंचीवर धरला तर चार अंश. गवतात आडवा ठेवला आणि थोड्या वेळाने बघितला तर शून्याखाली दीड. पेपरात चार-पाच अंश छापून येतात आणि तरी दव गोठलेलं असतं, ते का, हे तिथे हातात धरून बघता आलं. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक हवा असते आणि कुत्र्याच्या पोटाखाली दुसरी. हरणी त्या दुसऱ्या हवेत उभी होती.

ती आधी बांधावरच थांबली. पुढचा एक पाय टाकला, उचलला, झटकला. दुसरा टाकला. नाक गवताला लावलं, शिंकली. मग पातं चाटलं, पुन्हा चाटलं, आणि पांढऱ्या पट्ट्याच्या कडेकडेने हुंगत निघाली. फटफटल्यावर तिच्या मिशांना तिच्याच श्वासाचे थेंब लटकलेले दिसले. मग तिला काय झालं कोण जाणे, कान मागे टाकून, शेपटी पोटाखाली घेऊन दोरीच्या लांबीइतक्या गोलात ती धावत सुटली. लहान पिल्लू असताना पहिल्या पावसात अशी धावली होती. नात खदखदून हसत होती. मी दोर हातात फिरवत मध्ये उभी. गव्हाकडे तिला जाऊ दिलं नाही, पडीक गवतातच ठेवलं.

एवढ्या गारठ्यात तिच्या उघड्या पंजांचं काय, ही काळजी मला होती. पण कुत्र्याच्या पंज्यात खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या आणि वर येणाऱ्या गार रक्ताच्या शिरा अगदी चिकटून असतात. गरम रक्त जाता जाता गार रक्ताला ऊब देतं, त्यामुळे अंगातली ऊब पंज्यावाटे वाया जात नाही आणि तळवेही गोठत नाहीत. पंजे टिकतात. टिकत नाही ते पोट, आणि कानांची टोकं. धावणं थांबल्यावर थोड्याच वेळात तिच्या मांड्यांना थरथर सुटली. मी जुन्या स्वेटरचा शिवून घेतलेला अंगरखा तिच्या पोटाखालून बांधला, आणि आम्ही लगेच वरच्या अंगाला निघालो. अजून उजाडायचं होतं, सूर्य वर येताना दवावरचा उजेड बघायचा होता. पण थरथर सुटली म्हणजे अंग स्वतःला तापवायला लागलं, त्यानंतर वाट बघायची नसते. सूर्य आम्ही घरासमोरून बघितला. तिथून खालचं पांढरं वावर पूर्ण दिसत होतं, त्याची कड अगदी रेघ मारल्यासारखी. ऊन पोचताच ते कडेकडेने ओलं काळं होत गेलं, आणि चहा संपेपर्यंत सगळं संपलं.

नंतर सीता खाईकडे गेलो. तिथे कड्यापासून बरंच मागे थांबलो, दोर मनगटाला दोनदा गुंडाळून. दरीत धबधबा माघात नावापुरताच असतो. यशवंत तलावाकाठी हरणीने बसून पाणी बघितलं. प्यायला दिलं ते मात्र बाटलीतलं.

उतरताना आम्ही पायी येणार होतो. पण तलावाजवळ पंजे बघताना मागच्या डाव्या तळव्याची वरची काळी साल एका जागी गेलेली दिसली, आत गुलाबी. पहाटेच्या दवात भिजून तळवे मऊ पडतात, आणि मऊ तळवा दगडावर लवकर झिजतो. ती लंगडत नव्हती. शेपटी वर होती, आमच्या पुढे चालत होती, आणि कुणीही म्हटलं असतं की कुत्री मजेत आहे. पण ऊन वर यायला लागलं होतं, घाटातला दगड तापणार होता, आणि त्या गुलाबी जागेला ते दगड लागणार होते. भावाला म्हटलं, गाडी काढ. मैत्रीण एकटी पायी उतरली, तिला तसंही सवय आहे. हरणी पिकअपमध्ये गोणपाटावर बसली आणि पहिल्याच वळणाला झोपली. निघताना बाबांनी आमच्या गाडीत बोरांची पिशवी ठेवली आणि शिवरात्रीला या म्हणाले. मी म्हटलं, शिवरात्रीला मी येईन, हिला नाही आणणार. ते म्हणाले, बरोबर आहे.

घरी आल्यावर पहिलं काम तिला उन्हात आडवी करून अंगभर बोटं फिरवणं. औषध लावलेलं असूनही कानाच्या मागे एक गोचीड सापडली. चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता सरळ ओढून काढली. रॉकेल वगैरे लावलं की ती आपलं तोंडातलं सगळं जखमेत ओकते, म्हणून ते करायचं नाही. तळव्याला रोज मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन मलम लावते आहे, त्यावर पातळ नवी साल धरली आहे. सध्या ती फक्त मातीवर चालते, लळिंगला इतक्यात नेणार नाही. डॉक्टरांनी गोचीडतापावर नजर ठेवायला सांगितली आहे. तो उठायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. खाणं सोडणं, हिरड्या फिक्या पडणं, लघवी गडद होणं यातलं काही दिसलं की रक्त तपासायचं. रोज सकाळी दूध घालायच्या आधी ताप बघते. आजवर १०१.८च्या वर गेलेला नाही, आणि दुधाची वाटी ती अजून ढकलत ढकलत दारापर्यंत नेऊन चाटते.